पांढरे पडणारे प्रवाळ आणि आपला किनारा

गेल्या काही वर्षांत जगातील समुद्रांवर एक मोठी आपत्ती ओढवली आहे. परंतु ती पाण्याखाली घडत असल्याने तिची म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही. अमेरिकेची सागर व वातावरणविषयक संस्था ‘नोआ’ आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती उपक्रम यांनी एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळांच्या जागतिक विरंजनाची चौथी घटना घोषित केली. वर्षभराने प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, जानेवारी २०२३ पासून जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळभित्तींना विरंजन घडवू शकेल एवढ्या उष्णतेचा ताण सोसावा लागला. २०१४ ते २०१७ या काळातील तिसऱ्या घटनेत हेच प्रमाण ६८ टक्के होते.

अंगठीतील पोवळे आपल्या परिचयाचे असते. भित्ती उभारणारे प्रवाळ मात्र निराळे. ते वनस्पती नव्हेत की दगड नव्हेत, तर वसाहत करून राहणारे इवलेसे प्राणी होत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पुरवते, त्याला रंगही देते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी ही सोबत तुटते. शैवाल बाहेर पडते आणि पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरतो, अन्यथा उपासमारीने मरतो. समुद्रतळाचा एक टक्काही भाग न व्यापणाऱ्या या भित्तींवर सुमारे एक चतुर्थांश सागरी जीवजाती विसंबून आहेत.

भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही प्रवाळांची चार प्रमुख क्षेत्रे. त्यांपैकी लक्षद्वीपची स्थिती विशेष चिंताजनक आहे. अगत्ती, कदमत व कवरत्ती येथील दीर्घ निरीक्षणांत आढळले की, १९९८ साली सुमारे ३७ टक्के असलेले प्रवाळाचे आच्छादन २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आले. १९९८, २०१० व २०१६ या वर्षांच्या उष्णतेनंतर भित्तींना सावरण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही. त्यानंतर २०२४ सालीही तेथे मोठे विरंजन झाले. लक्षद्वीपची भूमीच प्रवाळांनी घडवलेली आहे. लाटांचा जोर भित्ती अडवते आणि गळाने कुपा पकडताना लागणारे आमिषाचे लहान मासेही भित्तीच्या आश्रयानेच मिळतात. भित्ती खचली तर तेथील माणसाच्या पायाखालची जमीन व ताटातला घास दोन्ही धोक्यात येतात.

आपल्या महाराष्ट्राकडे वळल्यास, येथील प्रवाळ विस्ताराने अल्प असले तरी आहेत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. मासेमारीवर बंदी येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. ही भीती अनाठायी म्हणून झटकता येणार नाही. ज्याची चूल समुद्रावर पेटते, त्याला विश्वासात न घेता आखलेली सीमारेषा कागदावरच राहते. पुढे पर्यटन वाढले. स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंगने अनेक तरुणांना रोजगार दिला. त्याचबरोबर होड्यांचे नांगर आणि प्रवाळांवर पडणारी पावले हा नवा धोकाही आला.

मुंबईत किनारी रस्त्याच्या कामामुळे वरळी व हाजी अली येथील प्रवाळ २०२० साली परवानगी घेऊन दुसरीकडे हलवण्यात आले. कायद्याचा धाक नसता तर ते भरावाखाली गाडले गेले असते, हे मान्य करावे लागेल. भित्ती उभारणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तथापि स्थलांतर हा अखेरचा उपाय होय. ज्या समुद्रात प्रवाळ नव्याने रोवायचे, तोच गढूळ, सांडपाण्याने भरलेला व तापलेला असेल, तर त्या खटाटोपाचा उपयोग किती? प्रवाळ तोडणारा हात कायदा अडवू शकतो. तापणारे पाणी त्याला अडवता येत नाही.

म्हणून उपाय दोन पातळ्यांवर हवेत. खनिज इंधनांचा वापर जगभर घटल्यावाचून समुद्राचे तापमान आवरणार नाही; ते एका गावाच्या हातचे नाही. परंतु सांडपाणी, गाळ, प्लास्टिक व विध्वंसक मासेमारी यांना स्थानिक पातळीवर आळा घालता येतो. हे ओझे उतरले तर उष्णतेच्या तडाख्यानंतर प्रवाळांना सावरण्याची अधिक संधी मिळते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात प्रवाळभित्तींची तुलना भूमीवरील महान अरण्यांशी केली आहे. त्यांच्या ऱ्हासाचे मूळ बव्हंशी भूमीवरून समुद्रात जाणाऱ्या प्रदूषणात असल्याचे दाखवून देताना त्यांनी फिलिपिन्सच्या बिशपांच्या १९८८ मधील पत्राचा आधार घेतला. अर्थात, समुद्राचा प्रश्न केवळ कोळीवाड्याचा नाही. नदीनाल्याकाठी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे.

किनाऱ्यावरील आपल्या धर्मग्रामांना यात पुष्कळ करता येईल. गावचे सांडपाणी प्रक्रिया न होता खाडीत जाते काय, याचा जाब ग्रामपंचायतीला व महापालिकेला विचारता येईल. मालवणच्या सहलीत प्रवाळांवर पाय ठेवू नये, त्यांचे तुकडे घरी आणू नयेत, हे मुलांना शिकवता येईल. अभयारण्याचे नियम ठरवताना मच्छीमारांना स्थान मिळावे, असा आग्रहही धरता येईल. समुद्राने पिढ्यानपिढ्या आपल्याला पोसले आहे. त्याची निगा राखणे हे आपले कर्तव्यच होय.