पाणी असूनही तहानलेले पीक

कृष्णा-वारणाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाण्याची पाळी नुकतीच होऊनही ऊस पिवळा पडून कोमेजलेला आढळतो, आणि "आणखी पाणी द्या, युरिया वाढवा" असा सल्ला दिला जातो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एका शेतकरी बंधूंना हेच सांगितले होते. पुढील उन्हाळ्यात त्यांच्या शेतात पांढरे क्षार फुलून आले. माझे काय चुकले, ते मुळाच्या पेशीचा विचार केल्यावाचून उमगत नाही.

मुळावरील केसासारखा प्रत्येक तंतू हा एकेका पेशीचाच वाढलेला भाग होय. पेशीभोवती अत्यंत पातळ पटल असते. त्यातून पाणी सहज ये-जा करते. क्षारांना तशी मोकळीक नसते. ज्या बाजूस विरघळलेले द्रव्य अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. बेदाणा साध्या पाण्यात फुगतो आणि मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, ते याच न्यायाने. जमिनीतील ओलाव्यात क्षार वाढले की मुळात पाणी शिरणे मंदावते. फारच वाढले तर ते उलट बाहेर जाऊ लागते. युरिया विरघळून त्यात भरच घालतो.

अन्नद्रव्यांची गोष्ट निराळी. नत्र, पालाश ही द्रव्ये पटलातील प्रथिनांच्या ठराविक वाटांनीच आत येतात, आणि बाहेर थोडी व आत अधिक असतानाही त्यांना ओढून घेण्यास पेशीला शक्ती खर्चावी लागते. ती शक्ती श्वसनातून मिळते व श्वसनास हवा लागते. पाणथळ जमिनीत हवेची जागा पाण्याने व्यापलेली असते. खत जमिनीत असते, पण ते उचलण्याचे बळ मुळात उरत नाही.

म्हणून खताची मात्रा वाढविण्यापूर्वी माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. तेथे आधी निचरा, मग चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे, हाच उपाय. सरसकट जिप्सम सुचविण्याची चालही मला पटत नाही. ज्या चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, तेथे जिप्सम हवे, आणि तेथेही निचऱ्यावाचून ते वाया जाते.

चर मात्र एकट्याच्या शेतात खणून भागत नाही. पाणी खालच्या शेतांतून ओढ्यापर्यंत गेले पाहिजे, व त्यासाठी शेजाऱ्यांची संमती लागते. त्या बैठकीस बसणे गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे येते. खताची चिठ्ठी लिहून देण्यापेक्षा ते काम पुष्कळ कठीण आहे, हे मी अनुभवाने जाणतो.