गौण मानलेल्या द्रव्यांचे मोल

कर्जत तालुक्यातील कळंबच्या परिसरात तापाने फणफणलेल्या मुलासाठी एखादी आई औषधाची बाटली विकत घेते, तेव्हा आत काय आहे हे पारखण्याचे कोणतेही साधन तिच्यापाशी नसते. बाटलीवर मुख्य औषधाचे नाव व प्रमाण छापलेले असते. परंतु पातळ औषधाचा मोठा भाग ते ज्यात विरघळवितात त्या द्रवाचाच असतो. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखी ही द्रव्ये रोग बरा करीत नाहीत, म्हणून त्यांना गौण मानण्याची सवय जडली आहे. ती किती घातक ठरते, हे महाराष्ट्राने 1986 साली पाहिले.

त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होते. तेही ग्लिसरीनसारखेच दाट व गोड असल्याने नुसत्या डोळ्यांना वा जिभेला भेद कळत नाही. पोटात गेल्यावर मात्र ते मूत्रपिंडे निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणातील खरेदी व तपासणीच्या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले.

हे विष तेव्हाही अपरिचित नव्हते. अमेरिकेत 1937 साली त्याने शंभराच्या वर बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला. आपल्याकडे औषधांचा कायदा 1940 पासून आहे. तरीही 2022 मध्ये गांबियातील बालमृत्यूंशी भारतीय बनावटीच्या औषधांचे नाव जोडले गेले आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने बालकांचे प्राण घेतले. तेव्हा उणीव कायद्याची नसून अंमलबजावणीची आहे, हे उघड आहे.

प्रत्येक पिंप तपासल्याने खर्च वाढतो, अशी लहान उत्पादकांची तक्रार असते. ती खरी मानली, तरी ज्याला तपासणी परवडत नाही त्याला औषध बनविण्याचा अधिकार पोहोचत नाही. पुरवठादाराच्या कागदावर विसंबून चालणार नाही. द्रव वापरण्यापूर्वी त्याची चाचणी झाली की नाही, हे औषध निरीक्षकांनी कारखान्यात जाऊन पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी निरीक्षक व प्रयोगशाळा पुरेशा ठेवणे हे शासनाचे काम आहे. दुर्घटनेनंतर बाटल्या जप्त करणे म्हणजे दक्षता नव्हे. कळंबच्या त्या आईला जे पारखता येत नाही, ते तिच्या वतीने पारखण्यासाठीच ही सारी यंत्रणा उभी केलेली आहे.