‘शक्तिमान’चें विस्कळित संविधानक

मुलांच्या मालिकेच्या संविधानकाची चिकित्सा कशाला, हा आक्षेप आम्हांस मुळींच मान्य नाहीं. 1997 सालीं दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली तेव्हां आरंभ भक्कम होता: सूर्यांशींनीं योगमार्गानें घडविलेला नायक, तमराज किल्विष हा मूर्तिमंत अंधार, आणि बातमीदार गीता विश्वासपासून आपलें खरें रूप लपविणारा वेंधळा गंगाधर. एवढें भांडवल हातीं असतां पुढें काय झालें? डॉक्टर जॅकॉलनें प्रयोगशाळेंतून नवें संकट काढावें, नायकानें गिरक्या घेत येऊन तें निवारावें, आणि मूळ वैर जेथल्या तेथें राहावें! ज्याला कांहींच अशक्य नाहीं त्याची कसोटी बाहुबलानें लागत नाहीं. खरें नाट्य गंगाधराच्या लपवाछपवींत होतें. लेखकांनीं तें आठवड्यामागून आठवडे नुसतें टांगून ठेविलें.

“मुलांना चालतें” ही सबब तर निव्वळ कोडगेपणाची. बुलढाणा जिल्ह्यांतील वडनेर भोलजीसारख्या गांवीं अँटेना फिरवून बसणाऱ्या मुलाला त्या काळीं बहुधा दुसरी वाहिनीच नव्हती. म्हणून काय त्याच्यापुढें वाटेल तें वाढावें? आजीनें राक्षसाचा जीव पोपटांत आहे असें एकदां सांगितलें, कीं तो पोपट सांपडेपर्यंत हेंच मूल तिला झोपूं देत नाहीं.