पुलाची नाडीपरीक्षा

नदीकाठच्या माणसांना पुलाचा विसर फार लवकर पडतो. जोवर पूल नसतो तोवर नावेची वाट पाहण्यात आणि पुराच्या दिवसांत काठावर अडकून पडण्यात काळ जातो. पूल झाला की तो रस्त्याचाच एक तुकडा होऊन बसतो. आम्हां बालाघाटकरांचे तर निम्मे जीवन पुलांवरून चालते. वारासिवनीकडे निघावे तर वैनगंगा आडवी, गोंदियाकडे निघावे तर बाघ नदी. लेकींची सासरे, मुलांची शिक्षणे, नागपूरची इस्पितळे, सारे पलीकडच्या काठावर. म्हणूनच पूल म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याची प्रकृती कशी तपासतात, हा विषय केवळ इंजिनिअरांचा मानून आपण मोकळे होऊ नये, असे आम्हांस वाटते.

काँक्रीट म्हणजे दगडच, त्याला काय होणार, असा आपला समज असतो. परंतु या दगडाच्या पोटात लोखंडाच्या सळया असतात, आणि पुलाला वाकू न देण्याचे काम त्या करतात. सिमेंटच्या आम्लारी गुणामुळे सळयांवर एक सूक्ष्म संरक्षक थर राहतो व त्या गंजत नाहीत. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो, तसा हा गुण क्षीण होतो. समुद्रकाठी खारी हवा हेच काम अधिक वेगाने करते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे काँक्रीट आतून तडकते आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेर तडा दिसतो तेव्हा आतले दुखणे जुने झालेले असते.

मग न फोडता आत पाहायचे कसे? सर्वांत जुने साधन साधी हातोडी. आपण मडके वाजवून घेतो तसेच हे. भरीव काँक्रीट खणखणीत वाजते, पापुद्रा सुटलेले पोकळ बोलते. दुसरी स्प्रिंगची हातोडी. ती काँक्रीटवर आपटून किती मागे उसळते, त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. तिसऱ्या पद्धतीत कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूस पोहोचायला लागलेला वेळ मोजतात. भारतीय मानकाच्या १९९२ सालच्या कोष्टकाप्रमाणे हा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरहून अधिक असेल तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली गेला तर शंकास्पद.

गंजाचा सुगावा लावणारी चाचणी तर आमच्या मलाजखंडच्या तांब्याशी नाते सांगणारी आहे. मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेली तांब्याची कांडी काँक्रीटच्या पृष्ठभागावर टेकवायची, दुसरी तार एका ठिकाणी उघड्या केलेल्या सळईला जोडायची, आणि मधला विद्युतदाब पाहायचा. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर त्या जागी गंज चालू असण्याचा संभव शंभरांत नव्वदांहून अधिक धरतात.

मात्र यांपैकी एकही साधन एकट्याने विश्वासार्ह नाही. जुन्या काँक्रीटची वरची कातडी कार्बन डायऑक्साइडमुळे टणक होते, त्यामुळे स्प्रिंगची हातोडी त्याला नको तेवढे निरोगी ठरवते. ओल्या काँक्रीटमध्ये ध्वनी अधिक वेगाने धावतो. ताणलेल्या तारांच्या पुलांमध्ये धातूच्या नळीत बंद असलेल्या तारा तर या बहुतेक उपकरणांना दिसतच नाहीत. पणजीचा मांडवीवरील पूल अशाच जातीचा होता. तो उभा राहून दोन दशकेही लोटली नव्हती. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, आणि तारांना लागलेला गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. म्हणून वैद्य जशी नाडी, जीभ आणि डोळे मिळून निदान करतो, तशा तीन-चार चाचण्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात.

यापुढचा प्रश्न उपकरणांचा नाही, माणसांचा आहे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल पडला. त्याआधी त्याची तपासणी झाली होती, आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे काही नको असा अहवालही होता. ९ जुलै २०२५ रोजी बडोद्याजवळ महीसागरावरील गंभीरा पुलाचा भाग वाहनांसह नदीत गेला; १९८५ सालापासून वापरात असलेल्या त्या पुलाविषयी लोकांच्या तक्रारी आधीपासून होत्या. पहिल्या ठिकाणी निदान चुकले. दुसऱ्या ठिकाणी रोगी कण्हत होता, तरी वाहने थांबली नाहीत. तपासणी झाली एवढे पुरेसे नाही. ती कोणी केली, कशाने केली, आणि अहवाल हाती आल्यावर कोणी काय केले, हे तिन्ही प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

हे प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. पुलाच्या तळाशी गंजाचे तपकिरी ओघळ, उघड्या पडलेल्या सळया, सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप, पाणी तुंबवणाऱ्या बुजलेल्या मोऱ्या, पूर ओसरल्यावर खांबापाशी पडलेला खड्डा ही लक्षणे ओळखायला पदवी लागत नाही. ती दिसली तर लोक निर्माण विभागास जागा व दिनांक घालून लेखी कळवावे. २००५ च्या माहितीच्या अधिकारान्वये, मागील तपासणी कधी झाली व कोणत्या चाचण्या केल्या, हेही विचारता येते. एका अर्जाने पूल बरा होणार नाही हे खरे. पण ज्या पुलाविषयी गाव विचारते, त्याचा अहवाल कपाटात धूळ खात पडणे थोडे अवघड होते.

नदी ओलांडून पलीकडे जाणाऱ्या आपल्या माणसांची वाट पाहत आपण दारात उभे राहतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तीच नजर पुलाकडेही वळावी, एवढेच आमचे मागणे आहे.