जीपच्या खिडकीला जाळी, पण कडी आतून



जुन्नर-आंबेगावच्या गावबैठकांत पूर्वी खत, बियाणे आणि पाण्याच्या पाळ्या यांवर प्रश्न यायचे. आता त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. “साहेब, जीपच्या खिडक्यांना लोखंडी जाळी मारून घ्यावी का?” विचारणाऱ्याला हसू नये. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत दोन लेकरे होती. रात्रीची वीज आली की मोटर चालू करायला आपल्याला जावेच लागते. पहाटे टोमॅटो घेऊन नारायणगावचा बाजार गाठावा लागतो. वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते आणि जुन्या जीपला मागे नुसती ताडपत्री असते. तेव्हा भीती खोटी नाही.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांतून आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला आडोसा मिळाला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. मादी त्यातच विते, पिल्ले त्यातच वाढतात. म्हणून गळीत हंगामात तोड सुरू झाली की सरीत पिल्ले सापडतात.

आता गाडीचे पाहू. बिबट्या सहसा चालत्या जीपवर धावून जात नाही. ताडोबात पर्यटक उघड्या गाड्यांतून फिरतात आणि जनावर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात ऑगस्ट 2025 मध्ये सफारीच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या मुलाच्या हाताला बिबट्याने पंजा मारला. नोव्हेंबरात तेथेच बसच्या खिडकीशी बसलेल्या एका बाई जखमी झाल्या. त्या उद्यानातले बिबटे गाड्यांना सरावलेले, आपल्याकडचे तसे नाहीत. तरी एक धडा घ्यावा: पंजा आत जाईल एवढी फट खिडकीला राहू देऊ नये आणि जाळीला हात टेकून बसू नये.

तेव्हा जाळी बसवायची असेल तर जरूर बसवा, पण नीट बसवा. जाळी दहा गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर तारेची, वेल्ड केलेली घ्या. घर एक इंचाचे असावे. दोन इंची घरातून नखे आत येतात. एक इंची जाळीचे वजन चौरस मीटरला सुमारे पाच किलो भरते, म्हणजे दाराला फार भार होत नाही. भोवती हलक्या अँगलची चौकट करा. चौकट खिडकीच्या कडांवर बाहेरून टेकली पाहिजे, म्हणजे बाहेरून धक्का बसला तरी ती आत येणार नाही. मध्ये रबराची पट्टी घाला. खडखड थांबते आणि पत्र्याचा रंगही जात नाही. रेड ऑक्साइडचा हात देऊन वर काळा, चमक नसलेला रंग द्या. चकाकणाऱ्या जाळीतून बाहेरचे नीट दिसत नाही, काळीतून दिसते. पुढच्या काचेला जाळी लावूच नका. चालकाला बाजूचा आरसा दिसला पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही जाळी आतून उघडता आली पाहिजे. आपले शेतरस्ते कालव्याच्या काठाने जातात. पावसाळ्यात काळी माती साबणासारखी होते. जीप घसरून पाण्यात गेली, किंवा उलटून पेटली, तर माणसे खिडकीतून बाहेर पडतात. तीच खिडकी वेल्डिंग करून कायमची बंद केली, किंवा बाहेरून कुलूप लावले, तर बिबट्यापासून वाचवणारी जाळीच पिंजरा होईल. बिबट्या येईल की नाही हे कोणी सांगावे, पण कालवा रोज वाटेत आहे.

यासाठी चार गोष्टी पाळा. पहिली, जाळी दारालाच बसवा, दाराभोवतीच्या सांगाड्याला नको. म्हणजे दार उघडले की जाळी त्याच्याबरोबर जाते. दुसरी, बिजागऱ्या पुढच्या कडेला आणि खिट्टी मागच्या कडेला ठेवा. जाळी बाहेर उघडावी. अशी असली म्हणजे गाडी पुढे जाताना वाऱ्याने ती उघडत नाही, आणि उसाचे पाचट घासले तरी मिटलेलीच राहते. तिसरी, कुलूप नको. खिट्टी ओढून निघणारी हवी आणि काच खाली केली की आतून हाताला लागावी. चौथी, मागच्या दाराला आतून मूठ आहे का ते पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांना ती नसते, ती आधी बसवून घ्या. ताडपत्रीच्या जीपला मागे जाळीची चौकट केलीत, तर तिलाही आतून खिट्टी हवीच.

काम झाले की गाडी अंगणात उभी करा. रात्री दिवा मालवून घरातल्या माउलीला आणि शाळकरी मुलाला आत बसवा आणि डोळे मिटून खिट्टी काढायला सांगा. दोघांनाही ती झटकन जमली तर फॅब्रिकेशनवाल्याचे पैसे चुकते करा. जमली नाही तर खिट्टी बदलून घ्या.

कायद्याचेही एक बोलतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करता येत नाही. 2017 साली केंद्राने पुढचे लोखंडी गार्डही याच कलमाखाली बेकायदा असल्याचे कळवले. काचांना काळी फिल्म लावायला 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. म्हणून जाळी बोल्टवर काढता-घालता येईल अशीच करा, टोके बाहेर ठेवू नका, आणि कामाआधी आपल्या परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी पैशाचा हिशेब. घरात एकाच जाळीपुरते पैसे असतील, तर ती जीपला नव्हे, गोठ्याला लावा. बिबट्या येतो तो मुख्यतः कुत्रे, शेळी आणि वासरासाठी, आणि अर्ध्या भिंतीवरून तो सहज उडी मारतो. भिंतीच्या वरपासून छपरापर्यंत जाळी आणि दाराला आतबाहेर पक्की कडी करा. जीपची पाळी त्यानंतर.

आणि जीपमध्ये बसलेले असताना फारसा धोका नसतो, हे ध्यानात ठेवा. धोका असतो तो उतरल्यावर. उतरण्याआधी दिवे चालू ठेवा, दोनदा हॉर्न द्या, बॅटरी चारी बाजूंना फिरवा. एकट्याने उतरू नका. स्टार्टरच्या पेटीशी वाकून किंवा बांधाला बसून काम करावे लागले, तर दुसऱ्याने उभे राहून नजर ठेवावी. वाकलेला, बसलेला माणूस त्या जनावराला लहान भक्ष्यासारखा दिसतो. लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर गाडीतून उतरूच देऊ नका. बिबट्या दिसला तर पाठलाग करू नका, वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवा.

जाळी करा, जरूर करा. फक्त तिची कडी तुमच्या हाती राहू द्या.