उपाशी ठेवावं असं झाड

मैत्रिणींनो, माया कमी पडली की झाड वाळतं, असं आपण म्हणतो. माझ्या हातून मात्र एक झाड माया जास्त झाली म्हणून गेलं.

धाकट्यानं हौसेनं व्हीनस फ्लायट्रॅप आणलं होतं, किडे धरणारं. मी त्याला काळी माती दिली, शेणखत घातलं, रोज बोअरचं पाणी घातलं. ‘उपाशी राहील बिचारं,’ म्हणून सासूबाईंनी एका पानात पनीरचा तुकडा ठेवला. मुलांनी काडी लावून लावून पानं मिटवून पाहिली. दीड महिन्यात झाड काळं पडलं. सासूबाईंना फार लागलं. पाय मोडल्यामुळे त्या खिडकीशी खाटेवर होत्या आणि दिवसभर त्यांना सोबत होती ती त्या कुंडीचीच.

मग चूक कुठे झाली ते शोधलं. ही झाडं मूळची निकस, दलदलीच्या जमिनीतली. अन्न ती इतर झाडांसारखी उन्हातूनच करतात. जमिनीत न मिळणारं नत्र तेवढं किड्यांकडून घेतात. त्यामुळे खत आणि क्षाराचं पाणी त्यांच्या मुळांना सोसत नाही. फ्लायट्रॅपचं प्रत्येक पान थोड्याच वेळा मिटू शकतं, मग ते मरतं. शिवाय हे झाड अमेरिकेतल्या कॅरोलायना भागातलं. थंडीत तीन-चार महिने त्याला विश्रांती लागते. आपल्या उबदार गावांत ते टिकवणं अवघडच.

म्हणून दुसऱ्या खेपेला घटपर्णी आणली. हिच्या पानाच्या टोकाला झाकणाचा छोटा घडा लोंबतो. काठावरून किडा घसरतो आणि आतल्या रसात विरघळतो. झाकण काही मिटत नाही. घरात ठेवायची असेल तर एवढं सांभाळा:

पाणी पावसाचं. पावसाळ्यात झाकणाच्या पिंपात साठवून ठेवा. ते संपलं तर डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी चालतं, पण यंत्र त्यात क्षार परत मिसळत नाही ना, ते बघून घ्या.

माती नको, खतही नको. स्फॅग्नम मॉस आणि परलाइट मिसळून भुसभुशीत भरा. ओल कायम हवी, पण घटपर्णीची कुंडी पाण्यात उभी ठेवू नका.

उजेड भरपूर द्या, दुपारचं कडक ऊन टाळा. उजेड कमी पडला किंवा हवा फार कोरडी झाली, की पानं येतात पण घडे धरत नाहीत. अशा वेळी इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा.

घड्यातला रस ओतून टाकू नका. जुना घडा वाळला की कापा. आणि पनीर, मटण, वरणभात काही घालू नका. ते आतच कुजतं. माशा-मुंग्या तिच्या ती धरते. मात्र हिच्यामुळे घरातले डास संपतील, अशी आशा धरू नका!

एक विनंती. कासच्या पठारावर पावसाळ्यात गेलात, तर चिकट थेंबांनी चमकणारं दवबिंदू दिसेल. सीतेची आसवं ही जांभळी फुलंही दिसतील. त्यांचे बारीक सापळे ओल्या मातीत दडलेले असतात. दोन्ही कीटकभक्षीच. डोळे भरून पाहा, पण उपटून आणू नका. पावसाळा सरला की तिथलं दवबिंदू वाळतंच. जाताना बी टाकतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. मेघालयातली आपली देशी घटपर्णी लोकांनी खणून नेल्यामुळेही दुर्मीळ झाली आहे. तेव्हा रोप घ्याल ते रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या, आणि तसं विचारून घ्या.

आमची घटपर्णी आता दोन वर्षांची झाली. सासूबाई काठी टेकत चालतात, पण सकाळी आधी खिडकीशी जाऊन घडे मोजतात. परवा पाचवा उघडला. अजूनही मधूनच विचारतात, ‘अगं, काही घालू का हिला?’

मी म्हणते, ‘पाणी घाला, आई. पिंपातलं.’