भाताचा कडा करपा व प्रतिजैविकाची फवारणी

भिवंडी तालुक्यात खरिपाचे प्रमुख पीक भात हेच होय. काल्हेरसारख्या खाडीकाठच्या गावी गोदामांनी बरीच जमीन व्यापली आहे; म्हणूनच उरलेल्या खाचरांतील पीक अधिक काळजीने राखावयास हवे. या पिकाच्या शत्रूंपैकी कडा करपा हा एक रोग आहे. पानाच्या टोकापासून कडेने पिवळट, नागमोडी पट्टा खाली उतरतो आणि पान वाळून पांढरट पडते. असे दिसताच पुष्कळ शेतकरी स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची पुडी आणून फवारतात. ही रीत आता सोडून द्यावयास पाहिजे.

हा रोग कोकणास नवा नाही. १९५१ मध्ये तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आढळला आणि १९५९ मध्ये श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. झँथोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे तो होतो. पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून किंवा जखमेतून जिवाणू आत शिरतो. सुईसारख्या अतिसूक्ष्म साधनाने तो आपली प्रथिने भाताच्या पेशीत सोडतो. ती प्रथिने पेशीतील साखर बाहेर सोडणारी जनुके चालू करतात. भाताच्याच हातून तो आपले अन्न वाढून घेतो! ही विद्या त्याच्या जनुकांत लिहिलेली असते व पिढ्यानुपिढ्या चालत येते.

औषधाला न जुमानण्याचा गुणही असाच जनुकांतून येतो. स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणूच्या प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेला चिकटून तिचे काम बिघडविते. परंतु कोट्यवधी जिवाणूंत एखाद्याच्या जनुकात मुळातच अल्पसा फरक असतो व औषध त्यास चिकटत नाही. फवारणीने बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. शेतकरी जसा भरदार लोंब्या बियाण्यासाठी निवडतो, तशीच ही निवड आहे. मात्र येथे निवडला जातो तो शत्रू. शिवाय प्रतिकाराची काही जनुके प्लाझ्मिड या लहान डीएनए-वर्तुळावर असतात व एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडेही जातात. शेजाऱ्याने शेजाऱ्यास उसने बियाणे द्यावे, तसाच हा व्यवहार होय. चीनमध्ये भाताच्या याच जिवाणूत स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिकार आढळला आहे.

प्रश्न केवळ भाताचा नाही. १९४३ मध्ये शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले परिणामकारक औषध होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, हे एकच औषध दिलेल्या बहुसंख्य रुग्णांतील क्षयजंतू काही महिन्यांतच त्यास दाद देईनासे झाले. माणसाच्या उपयोगाचे औषध खाचरात ओतल्यास पाण्यातील व मातीतील असंख्य जिवाणूंत तीच निवड सुरू होते. म्हणूनच केंद्र शासनाने २०१९ मध्ये पशुखाद्य व कुक्कुटपालनातील कोलिस्टिनवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन प्रतिजैविके शेतीतून हद्दपार करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला.

यावर शेतकरी म्हणेल, “डोळ्यांदेखत पीक वाळत असता स्वस्थ बसावयाचे काय?” त्याची तळमळ रास्त आहे. परंतु रोगजंतू पानाच्या नलिकांत दडलेले असतात. वरून मारलेले औषध त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही व पावसाच्या सरीने धुऊन जाते. पुडीचे पैसे बहुधा वाया जातात.

खरा उपाय लावणीपूर्वीच सुरू होतो. बियाणे निरोगी खाचरातील घ्यावे. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडू नयेत, कारण जखम म्हणजे जिवाणूस उघडे दार. नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावे. रोगट खाचराचे पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये. बांधावरील तण व कापणीनंतरचे धसकट काढून टाकावे. रोगास तोंड देणारी जात कोणती, हे कर्जतच्या भात संशोधन केंद्रास विचारावे. अशा जातीवरही जिवाणू मात करू शकतो, हे विसरता कामा नये. एक कुलूप तो उघडील, पण तीन कुलुपे एकदम उघडणे कठीण. याच विचाराने हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरी या जातीत तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणली.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी रोगाची खात्री करून घ्यावी. रोगट पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. कापलेल्या कडेतून दुधट धार उतरली, तर रोग जिवाणूचा समजावा. त्यानंतर शेतकऱ्यास पुडी सुचवू नये. जादा नत्र थांबविण्यास व खाचराचे पाणी निचरून टाकण्यास सांगावे, आणि पुढील हंगामाच्या बियाण्याची गोष्ट त्याच दिवशी बांधावर उभे राहून काढावी.